दार कोण उघडणार: हवा की मोटर?

चालकाविना बस म्हटलं की सगळे स्टिअरिंगकडे बघतात. मला दाराची काळजी. आरशात बघून ‘थांबा, आजी चढतायत’ म्हणणारं कोणी नसेल, तर ते दारालाच कळायला हवं. स्कॉटलंडमध्ये एडिनबरोजवळ 2023 ते 2025 अशा पाच बस धावल्या, तेव्हा सीटवर चालक होताच, वर प्रवाशांसाठी आणखी एक माणूस!

जुनं दार हवेवर चालतं, ते ओळखीचं ‘फुस्स’. मोठ्या बसमध्ये ब्रेकसाठी हवा दाबून भरणारा कॉम्प्रेसर असतोच, त्याच हवेवर दारही भागतं. दणकट काम, डेपोतच दुरुस्त होतं. पण हवा गळते, आणि पाइपात साठलेलं पाणी कडाक्याच्या थंडीत गोठतं.

विजेच्या दारात पिशवी अडकली की मोटर जास्त करंट ओढते. कंट्रोलर ते ओळखून दार मागे घेतो. दार किती उघडलंय हेही संगणकाला कळत राहतं. पदराचं पातळ टोक मात्र निसटू शकतं, म्हणून कडेचं सेन्सरवालं रबर हवंच. महाग पडलं तरी माणूस नसलेल्या बसला मी हेच दार लावीन. बॅटरीवरच्या छोट्या शटल बसमध्ये तर निव्वळ दारासाठी कॉम्प्रेसर कशाला वाहायचा?