काट्याचं वजन स्क्रीनवर: इन्व्होक-लेटर, स्विंगवर्कर की टायमर?

रबाळे-महाप्याच्या एमआयडीसीत ट्रक काट्यावर चढला की केबिनमधल्या स्क्रीनवर आकडा हलत हलत स्थिर होतो. हा प्रोग्राम जावा स्विंगमध्ये (जावाची खिडक्या-बटणं काढणारी लायब्ररी) लिहायचा तर सीरियल पोर्ट (काट्याची केबल जिथे लागते ते) वाचायला वेगळा थ्रेड (प्रोग्राममध्ये समांतर चालणारा कामाचा धागा) हवाच, आणि स्क्रीनवरच्या लेबल-टेबलला हात लावायचा तो फक्त इव्हेंट डिस्पॅच थ्रेडने, म्हणजे स्क्रीन सांभाळणाऱ्या थ्रेडने. नियम मोडला तरी लगेच एरर येत नाही, हीच पंचाईत. एरवी सगळं सुरळीत असतं आणि ऐन गर्दीत टेबल नल पॉइंटरची एरर फेकतं.

स्क्रीनच्या थ्रेडपर्यंत काम पोचवायच्या तीन वाटा. इन्व्होक-लेटर सर्वांत सोपं: काम त्या थ्रेडच्या रांगेत टाकायचं, पुढे जायचं. 'कागद संपला', 'पोर्ट उघडत नाही' अशा अधूनमधूनच्या निरोपांना तेवढं पुरे. पण काटा सेकंदाला २० रीडिंग पाठवत असेल आणि पावती काढताना स्क्रीन २ सेकंद अडकली, तर ४० शिळी वजनं रांगेत साचतात. त्याचं भावंड इन्व्होक-अँड-वेट (काम होईपर्यंत थांबून राहणारं) टाळाच. 'बंद करा' बटण वाचणाऱ्या थ्रेडची वाट पाहतंय आणि तो थ्रेड स्क्रीनची, की प्रोग्राम गोठलाच.

स्विंगवर्कर (काम मागच्या थ्रेडवर करून निकाल स्क्रीनला देणारा), जावा ६ पासून अंगभूत, संपणाऱ्या कामासाठी: महिन्याच्या पावत्यांचा अहवाल, एक्सेल फाइल. काम संपल्यावर चालणाऱ्या 'डन'मध्ये निकाल मागणारं 'गेट' बोलवायला विसरलात तर एक्सेप्शन (कामात आलेली एरर) गुपचूप गिळलं जातं. अखंड पोर्ट वाचायला मात्र तो नको. सगळ्या वर्करना मिळून थ्रेड फक्त १०, त्यातला एक कायमचा अडकतो.

चालू वजनासाठी टायमरच घ्या. वाचणारा थ्रेड ताजं रीडिंग एका व्होलाटाइल फील्डमध्ये (बदल दुसऱ्या थ्रेडला लगेच दिसणारी जागा) ठेवतो. टायमर दर १०० मिलिसेकंदांनी ते उचलून लेबलवर लिहितो. मधली रीडिंग गळतात, पण डोळ्यांना तेवढी लागत नाहीतच. प्रत्येक रीडिंगची नोंद हवी असेल तर ती वाचणाऱ्या थ्रेडनेच करावी. टायमर स्विंगचाच घ्या, तो स्क्रीनच्या थ्रेडवर चालतो. जावा-युटिलचा स्वतःच्या थ्रेडवर चालतो, म्हणजे पहिले पाढे पंचावन्न. टायमरच्या कोडमध्ये डेटाबेस नको, नाहीतर स्क्रीन अडखळते.

वजन, 'स्थिर' ही खूण आणि रीडिंगची वेळ एकाच न बदलणाऱ्या ऑब्जेक्टमध्ये ठेवा. वेगवेगळ्या फील्डमध्ये ठेवलीत तर जुन्या वजनाला नवी खूण चिकटू शकते. वेळ १ सेकंदापेक्षा जुनी झाली की आकड्याऐवजी रेघा दाखवा आणि पावतीचं बटण बंद करा. एवढं केलं नाही तर केबल निघाल्यावरही मागच्या ट्रकचं वजन पुढच्याच्या पावतीवर छापलं जातं.