पैसे बाली पासचे, परमिट हर की दूनचं

उत्तराखंडातल्या नैटवाडच्या वनखात्याच्या चौकीवर मिळालेल्या परमिटमध्ये दोनच गोष्टी वाचायच्या होत्या: ठिकाण आणि माणसं. ठिकाण होतं ‘हर की दून’ हे खोरं, माणसं 9. गाड्यांत मात्र पुण्याहून आलेले 14 जण होते आणि प्रत्येकाने बाली पास या हिमालयातल्या खिंडीच्या ट्रेकचे पैसे भरले होते. कागद आणायला गेलेल्या पोराने घडी घालून तो खिशात टाकला, कोणी मागितलाही नाही. चार दिवसांनी रूइनसारा तलावावरून उलटं फिरायची वेळ आली तेव्हा तो पहिल्यांदा सगळ्यांच्या हातात आला.

या 14 जणांत नवखं कोणी नव्हतं. कात्रज ते सिंहगड रात्रीत काढणारे, राजगड-तोरणा दरवर्षी करणारे लोक. खरं तर गोम तिथेच आहे. सह्याद्रीत ट्रेक म्हणजे पाचशे-हजार रुपये भरायचे, रात्री नळस्टॉपला बसमध्ये बसायचं, चुकलंच काही तर पायथ्याच्या गावात पिठलं-भाकरी खाऊन घरी. आयोजक कोण, दोर किती, परमिट कशाचं, हे विचारायची सवयच लागत नाही. कळसूबाई 1,646 मीटर. बाली पासच्या पायथ्याचं सांकरी गाव 1,900 मीटरच्या वर. म्हणजे बाली पासचा पहिला दिवस उजाडायच्या आधीच माणूस महाराष्ट्राच्या माथ्यापेक्षा उंच जागी चहा पीत बसलेला असतो.

वाट आधी नीट समजून घ्या, कारण फसवणूक तिथूनच दिसायला लागते. डेहराडूनहून मसुरी, पुरोला, मोरी, नैटवाड करत सांकरी. तिथून जीपने तालुका. (हे गावाचं नाव आहे, तहसील नव्हे.) मग चालत सीमा आणि ओसला ही गावं, साधारण 2,500 मीटर. तिथून पुढे वाटा फुटतात, एक हर की दूनला, दुसरी रूइनसाराकडे. देवसू थाचचं गवताळ पठार 3,000 च्या आसपास, रूइनसारा तलाव साधारण 3,500, ओडारी 4,000, बेस कॅम्प 4,600, खिंड अंदाजे 4,950. पलीकडे धामणीच्या मुक्कामावरून यमुनोत्री आणि जानकीचट्टी. कस लागतो तो उतरणीवर. खिंडीच्या पलीकडचा उतार अंगावर येणारा आहे. जूनमध्ये त्यावर बर्फ असतो आणि बर्फ नसेल तेव्हा सुटी दगडमाती. म्हणूनच पहाटे तीन-चारला निघून, बर्फ घट्ट असतानाच माथा ओलांडून खाली लागायचं असतं. ऊन चढलं की पाय गुडघ्यापर्यंत रुततात आणि वरून दगड सुटायला लागतात.

आता पुण्यातल्या आयोजकाने व्हॉट्सअ‍ॅपवर टाकलेला कार्यक्रम बघा. ‘दिवस 4: रूइनसारा ते बेस कॅम्प. दिवस 5: पास समिट, यमुनोत्री.’ ओडारी गायब, हवेची सवय व्हायला ठेवायचा दिवसही गायब. 3,000 मीटरच्या वर झोपायची उंची एका रात्रीत 500 मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक रात्र त्याच उंचीवर काढावी, हा डॉक्टरांनी घालून दिलेला ढोबळ नियम. इथे एका रात्रीत 1,100 मीटर! कार्यक्रमात उंचीचे आकडेच नसल्याने हे कोणाला दिसलं नाही. प्रत्येक मुक्कामापुढे मीटर लिहून मागा. जो देत नाही त्याच्याकडून ट्रेक घेऊ नका. दोन दिवस कापले की स्वयंपाकी, खेचरं आणि शिधा यांचे दोन दिवस वाचतात. सोय म्हणून ‘सुट्ट्या कमी लागतील’ असं जे सांगतात ते हेच.

पैशांकडे येऊ. माणशी 14,000, वर पाच टक्के जीएसटीचे 700. चौदा जणांचे 2,05,800. अर्ली बर्ड, म्हणजे लवकर नोंदणीची सवलत, संपायला दोन दिवस उरलेत अशी घाई करून सगळे पैसे एका खासगी यूपीआयवर घेतले. पावती मात्र झकास होती, लोगोसकट. तिच्यावरचा जीएसटी क्रमांक 29 ने सुरू होत होता. 15 अक्षरी क्रमांकातले पहिले दोन आकडे राज्याचे असतात. महाराष्ट्राचा 27, कर्नाटकाचा 29. पुढची दहा अक्षरं म्हणजे धंदेवाल्याचा पॅन, आणि त्यातलं चौथं अक्षर व्यक्ती असेल तर पी, कंपनी असेल तर सी. पावतीवर ‘प्रायव्हेट लिमिटेड’ आणि पॅनमध्ये पी. जीएसटीच्या संकेतस्थळावर क्रमांक टाकला असता तर एका मिनिटात कळलं असतं की तो तिसऱ्याच कोणाचा आहे. म्हणजे ते 9,800 रुपये सरकारकडे गेलेच नाहीत. कराच्या नावाने लावलेला चुना तो.

जाहिरातीतला फोटोही बाली पासचा नव्हता. दोन काळ्या कड्यांमधून वर जाणारी बर्फाची अरुंद घळ होती त्यात, आणि ती रूपीन खिंडीची, निराळ्या खोऱ्यातली. फोटो कुठला ते शोधून देणाऱ्या गुगल लेन्सला दाखवायला अर्धा मिनिट पुरतो.

सांकरीत कळलं की पुण्याचा माणूस फक्त ग्राहक गोळा करतो. प्रत्यक्ष काम गावातल्या ठेकेदाराकडे, माणशी 9,000 च्या बोलीवर, म्हणजे 1,26,000 ला. त्याच्या हातात पडले होते 45,000. तेवढ्यात जेवढं बसतं तेवढं त्याने बसवलं: एक गाइड, एक स्वयंपाकी, एक मदतनीस आणि पाच दिवसांचा शिधा. या ठेकेदाराला शिव्या घालण्यात अर्थ नाही असं आमचं मत आहे. त्याचे 81,000 पुण्यातच अडकले होते. काम असं दुसऱ्याला देणं ही या धंद्यातली रीतच आहे, त्यात गैर काही नाही. फक्त तिथल्या माणसाचं नाव आणि नंबर निघायच्या आधी मागून घ्या आणि त्याला थेट एकच प्रश्न विचारा: ‘आमच्या तुकडीचे किती पैसे पोचले?’ पहाडातली माणसं याचं उत्तर सरळ देतात.

सामान उघडलं तेव्हाची गोष्ट. ‘क्रॅम्पॉन मिळतील’, म्हणजे बर्फात बुटाखाली बांधायचे धातूचे दाते, असं लिहिलं होतं. पोत्यातून निघाले ते मायक्रोस्पाइक, म्हणजे रबराच्या पट्ट्याला साखळीने जोडलेले बोटाच्या पेरापेक्षाही आखूड दात. चौदा जणांत नऊ जोड, दोन जोडांची साखळी तुटून तारेने बांधलेली. केदारकंठा ट्रेकच्या मळलेल्या बर्फाळ वाटेवर ते छान चालतात. पहाटेच्या कडक बर्फाच्या तीव्र उतारावर लागतात दहा-बारा दात्यांचे क्रॅम्पॉन, पुढे दोन दाते बाहेर आलेले, आणि तेही ताठ तळव्याच्या बुटावर. मऊ तळव्याच्या ट्रेकिंग शूजवर बांधले तर बूट वाकतो आणि क्रॅम्पॉन नेमका उतारावर निसटतो. दोराचं तेच. ‘सेफ्टी रोप’ म्हणून जो निघाला तो खेचरावर ओझं बांधायचा पिळाचा नायलॉन, जेमतेम 30 मीटर, मध्ये गाठ मारलेला. गिर्यारोहणाच्या दोराला आवरण असतं, टोकाशी पट्टी असते, तिच्यावर ईएन 892 किंवा ईएन 1891 असा मानांकनाचा आकडा असतो. चौदा जणांना त्या उतारावर हाताला धरायला दोर लावायचा तर 30 मीटरमध्ये सुरुवातही होत नाही. दोर पुण्यात दाखवता येत नसेल तर निदान सांकरीत, तालुक्याच्या जीपमध्ये बसण्याआधी, जमिनीवर पसरून मोजून घ्या. संकोच करू नका.

ऑक्सिजनचा किस्सा तर संतापजनक आहे. ‘ऑक्सिजन सिलिंडर सोबत’ या ओळीखाली आला तो स्प्रेचा डबा, 6 लिटरचा. मिनिटाला 2 लिटर दिला तर तीन मिनिटं. खऱ्या सिलिंडरचा हिशोब सोपा आहे: टाकीत जेवढं पाणी मावेल तेवढे लिटर गुणिले बारमधला दाब. 10 लिटरची टाकी 150 बारने भरली की 1,500 लिटर वायू, म्हणजे याच वेगाने साडेबारा तास. रूइनसाराला एका मुलीचं डोकं दुखून उलट्या सुरू झाल्या तेव्हा तो डबा चहा उकळायच्या आत संपला. गाइडने तिला तसंच खाली देवसूला नेलं आणि ती सावरली. तो एकटा गाइड खाली गेल्यावर उरलेले तेरा जण स्वयंपाक्याच्या भरवशावर.

त्याच संध्याकाळी स्वयंपाक्याने सांगून टाकलं की पुढचा शिधा नाही, पासला जायचं तर माणशी 5,000 द्या. मग खिशातलं परमिट निघालं, ते हर की दूनचं, आणि सगळे परत. पुण्याहून फोनवर उत्तर आलं, ‘पास बर्फामुळे बंद आहे, पर्यायी ट्रेक करून दिला, रिफंड नाही.’

‘पास बंद’ ही या धंद्यातली सगळ्यात सोयीची सबब. खिंडी खरोखर बंद होतात आणि तेव्हा मागे वळवणारा लीडरच चांगला, म्हणून ग्राहकही गप्प बसतो. खरं-खोटं करायला नैटवाडच्या चौकीवर विचारा, सीमा गावात खाली उतरणाऱ्या तुकड्यांना विचारा. प्रामाणिक आयोजक पर्यायी वाट आणि दरातला फरक आधीच लिहून देतो. याचाच दुसरा अवतार म्हणजे बंद असलेली ठिकाणं विकणं. उत्तराखंड उच्च न्यायालयाने ऑगस्ट 2018 मध्ये बुग्यालांत, म्हणजे हिमालयातल्या उंचावरच्या कुरणांत, रात्रीच्या मुक्कामाला मनाई केली तेव्हा जुन्या पद्धतीने तंबू टाकत रूपकुंड तलावाचा ट्रेक करणं बंद झालं. तरी ‘रूपकुंड’ म्हणून नोंदणी घेऊन ब्रह्मताल या दुसऱ्याच ट्रेकला नेणारे भेटतात.

विमा असेल तर पॉलिसीची प्रत स्वतःच्या नावाने मागा आणि वगळलेल्या गोष्टींचं पान आधी वाचा. उंचीची मर्यादा, दोर आणि आइस अ‍ॅक्सचा उल्लेख तिथेच सापडतो. लीडरने उत्तरकाशी, दार्जिलिंग किंवा मनालीच्या संस्थेतून कोर्स केलाय म्हणाला तर प्रमाणपत्र आणि श्रेणी बघा. आयोजक महाराष्ट्राच्या 2021 च्या साहसी पर्यटन धोरणाखाली नोंदलेला आहे का, हेही विचारा. आणि पैसे तीन टप्प्यांत द्या: थोडे नोंदणीला, थोडे परमिटचा फोटो आल्यावर, उरलेले सांकरीत दोर पाहून.

पैसे गेलेच असतील तर पहिलं काम म्हणजे व्हॉट्सअ‍ॅप चॅट एक्स्पोर्ट करणं. या प्रकरणात अ‍ॅडमिनने दुसऱ्याच दिवशी सगळ्यांना ग्रुपबाहेर काढलं. कार्यक्रमाचा मूळ मेसेज तिघांकडेच उरला होता, तोही त्यांनी फॉरवर्ड केलेला म्हणून. यूपीआयचा बारा आकडी व्यवहार क्रमांक लिहून ठेवा. आयोजक मुळातच बोगस असेल तर 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच फोन. ट्रेक झाला पण कबूल केलेला नाही, तर पोलीस बहुतेक वेळा ‘हा दिवाणी मामला’ म्हणून हात झटकतात. भारतीय न्याय संहितेचं कलम 318 फसवणुकीचं आहे, लेखी अर्जात त्याचा उल्लेख करा आणि पोच घ्या. जास्त उपयोगी पडतो तो ग्राहक आयोग. आधी 1915 ही ग्राहक हेल्पलाइन, मग आयोजकाला लेखी नोटीस, मग जिल्हा आयोग. भरलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर फी नाही, मुदत दोन वर्षांची, आणि तक्रारदार पुण्यात राहत असेल तर ती पुण्यातच करता येते.

या चौदा जणांची नोटीस मात्र परत आली. पावतीवरचा बाणेरचा पत्ता एका को-वर्किंग ऑफिसचा होता आणि तिथलं टेबल आयोजकाने मार्चमध्येच सोडलं होतं. दुसरी नोटीस पाठवायला त्याच्या घरचा पत्ता शोधण्यात सात आठवडे गेले. तेव्हा पहिला रुपया देण्याआधी पॅन, जीएसटी क्रमांक आणि राहता पत्ता, तिन्ही लिहून घ्या.