डनहिल की पीटरसन?

गोदाकाठच्या बुधवारच्या बाजारात मावसभावाने तंबाखू ओढायचे दोन जुने पाईप समोर धरले, एक इंग्लंडच्या डनहिल कंपनीचा, दुसरा आयर्लंडच्या पीटरसनचा. "दादा, कुठला घेऊ?"

साल ओळखायला डनहिल सोपा. १९६१ पासूनच्या पाईपवर ‘मेड इन इंग्लंड’पुढचा बारीक आकडा १९६० मध्ये मिळवायचा, १७ असेल तर १९७७. नळीवरच्या पांढऱ्या ठिपक्यावर, म्हणजे डनहिलच्या खुणेवर, मात्र विसंबू नका, नळी बदललेली असू शकते.

पीटरसनवर ‘रिपब्लिक ऑफ आयर्लंड’ असेल तर तो साधारण १९४९ नंतरचा, एवढंच कळतं. चांदीच्या कडीवर डब्लिनचा शुद्धतेचा छाप (हॉलमार्क) असला, तर त्यातलं अक्षर नेमकं साल सांगतं. शॅमरॉक (तीन पानांचं आयरिश रोप), पहुडलेला कोल्हा किंवा कुत्रा आणि मनोरा दिसले तर कडी निकेलची. तिला चांदीचा भाव देऊ नका!

लाकूड घासून चकचकीत केलं की ठसा जातो, म्हणून चकाकीपेक्षा अक्षरं बघा.

संग्रहासाठी, ठसा स्पष्ट असेल तर, डनहिल. खिसा बेताचा असेल तर पीटरसन.