सेफ्टी रेझर की वस्तरा?

दाढीच्या जुन्या पद्धतीकडे वळायचं असेल तर सुरुवात सेफ्टी रेझरनेच (डोक्यात एकच सुटं पातं बसवायचा रेझर) करा. दोन्हींत पातं त्वचेशी साधारण ३० अंशांत धरायचं. पण रेझरचं डोकं तो कोन बऱ्यापैकी सांभाळतं, वस्तऱ्यात सगळी मदार मनगटावर. कार्ट्रिजच्या (अनेक पात्यांचं तयार डोकं लावायच्या रेझरच्या) सवयीने जोर दिलात की रेझरनेही कातडी सोलवटते. रेझरचं वजनच पुरे. ५-७ दाढ्यांनी पातं बदललं की झालं.

वस्तऱ्याला दर दाढीआधी चामड्याच्या पट्ट्यावर ३०-४० फेऱ्या हव्यात: पाठ (धारेसमोरची जाड कड) पुढे, धार मागे, आणि पालटायचा तो पाठीवरूनच. धारेवरून पालटलात तर पट्टा कापतो, धारही मुडपते. शिवाय दुसऱ्या हाताने गाल ताणून धरणं आलंच. हनुवटीपाशी भलेभले अडतात. फेस मात्र दोन्हीकडे दह्यासारखा दाट आणि ओला हवा.