रिसॉर्टसाठी की स्वतःसाठी? गोव्यात किनाऱ्यावर कुटुंबांचे फोटो काढायचे असतील तर

म्हापशातल्या एका कचेरीत अकरा वर्षं हिशेब लिहिले आणि मग कॅमेरा हातात घेतला. पहिला हंगाम सासष्टीत एका रिसॉर्टसाठी काम केलं. दुसऱ्या हंगामापासून स्वतःचं काम, बहुतेक आश्वे-मांद्रे भागात. 'नोकरी सोडू का?' असं विचारणाऱ्याला मी आधी उजेडाचा हिशेब सांगते.

आपला किनारा पश्चिमेकडचा. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास बुडतो आणि त्याआधीचा तासभरच उजेड कामाचा. रिसॉर्ट त्या तासात तीन-चार कुटुंबं उभी करतं, प्रत्येकाला पंधरा-वीस मिनिटं. गिऱ्हाईक शोधावं लागत नाही, ही मोठी सोय. शिवाय रडणारी मुलं, लाजणारे आजोबा, घाईतले बाबा असे रोज समोर येतात, त्यामुळे हात लवकर बसतो. पण पैसे हॉटेलच्या हातात. माझे डिसेंबरचे पैसे मार्च संपता संपता मिळाले. घराचा हप्ता चालू असेल तर हे आधीच धरून चाला. फोटोंवर हक्क कोणाचा, तेही करारात वाचून घ्या.

स्वतःच्या कामात त्या तासाला एकच कुटुंब, म्हणून दर जास्त सांगावा लागतो आणि सुरुवातीला तो सांगताना जीभ अडखळते. पण सकाळ आपल्या हातात येते. सूर्य माडांच्या मागून उगवतो, वाळूवर बराच वेळ सावली असते, त्या मऊ उजेडात कोणी डोळे बारीक करत नाही. मुलंही ताजी असतात. रिसॉर्टचे पाहुणे नाश्ता करून दहाला यायचे, तोवर ऊन डोक्यावर.

गेल्या जानेवारीत नागपूरचं एक कुटुंब आलं होतं. दोन वर्षांची मुलगी लाट पाहून आजोबांच्या पायजम्याला जी चिकटली, ती सुटेना. मी कॅमेरा खाली ठेवला. अर्ध्या तासाने आजोबांनी पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडला, ओंजळीतून पाणी आणलं आणि तिच्या पावलावर सोडलं. तिने पाय आखडला, पाहिलं, आणि दुसरा पुढे केला. तो फोटो त्यांच्या दिवाणखान्यात लागलाय. रिसॉर्टच्या वीस मिनिटांत तो मिळाला नसता.

खर्च दोन्हीकडे आपलाच. लेन्स वाळूवर बदलू नका, गाडीत बदला. रात्री कॅमेरा ओलसर फडक्याने पुसा, खारं वारं काही सोडत नाही. मोरजी, आगोंदला हिवाळ्यात कासवं अंडी घालायला येतात, तिथे अंधार पडल्यावर फ्लॅश किंवा दिवे नकोत. मुलांचे फोटो जाहिरातीला वापरायचे तर आईबाबांची लेखी परवानगी घ्या.

माझं मत विचाराल तर पहिला हंगाम रिसॉर्ट, पुढे स्वतःचं. सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला असेल तर थेट स्वतःचं. जून ते सप्टेंबर पावसात किनाऱ्यावर काम जवळजवळ नसतं, तेव्हा राजीनामा मेमध्ये देऊ नका. सप्टेंबरचा पगार घ्या आणि ऑक्टोबरात वाळूवर या.