जुनी लेन्स: दुकानातून की लिलावातून?

निकॉन एफएम२ या फिल्म कॅमेऱ्यासाठी हाताने फोकस करण्याची जुनी लेन्स हवी असेल, तर अमेरिकेत राहणाऱ्यापुढे मुख्यतः दोन मार्ग असतात: वापरलेल्या कॅमेऱ्यांची निश्चित किमतीची ऑनलाइन दुकाने आणि ईबेवरील लिलाव. मी दोन्हीकडून खरेदी केली आहे.

दुकानात वस्तू तपासून तिला श्रेणी दिलेली असते, काही महिन्यांची हमी मिळते आणि लिलाव संपण्याची वाट पाहावी लागत नाही. ऑटोफोकस लेन्स किंवा डिजिटल बॉडी (लेन्सशिवायचा कॅमेरा) घ्यायची असेल, तर मी आजही बहुधा दुकानाकडेच वळेन, कारण मोटर नीट चालते की नाही, हे छायाचित्रात दिसत नाही.

१०५ मि.मी. एफ/२.५ ही लेन्सही मी प्रथम एका दुकानातूनच मागवली होती. तिथे दाखवलेले छायाचित्र त्या प्रकारच्या कुठल्याशा लेन्सचे होते, मला मिळणार होती तिचे नव्हते; वर्णन म्हणून ‘उत्कृष्ट’ एवढी श्रेणी होती. लेन्स बाहेरून खरोखरच उत्कृष्ट होती, पण मागून टॉर्चचा प्रकाश टाकताच आतल्या काचेच्या कडेला फंगसचे कोळिष्टकासारखे धागे दिसले. माझे बालपण रत्नागिरीत गेले आणि वडिलांच्या कॅमेऱ्याची लेन्स तिथल्या पावसाळ्यांनी अशीच खाल्ली होती, त्यामुळे ते धागे ओळखायला मला वेळ लागला नाही. दुकानाने विनातक्रार पैसे परत केले, हे सांगायलाच हवे. परंतु दुसरी मागवायला गेलो, तर पुन्हा तेच छायाचित्र आणि तीच श्रेणी समोर आली, आणि माझा हात थांबला.

लिलावात मात्र एका विक्रेत्याने विकायच्या लेन्सचीच नऊ छायाचित्रे दिली होती. त्यांत अनुक्रमांक वाचता येत होता आणि ॲपर्चर रिंग, म्हणजे प्रकाशाचे छिद्र लहानमोठे करणारी कडी, स्पष्ट दिसत होती. रिंग पाहणे आवश्यक असते, कारण १९७७मध्ये निकॉनची ‘एआय’ पद्धत (लेन्सचे ॲपर्चर कॅमेऱ्याला कळवण्याची रचना) येण्यापूर्वीची, रिंगमध्ये बदल न केलेली लेन्स एफएम२वर बसत नाही. आधीच्या एफएम कॅमेऱ्यावर या रिंगला टेकणारी जी कळ दुमडता येते, ती एफएम२वर दुमडत नाही. ग्रीसचे तेल सुटून ॲपर्चरच्या पात्यांवर आले की पाती संथ होतात, म्हणून मी त्याबद्दल विचारले. दुसऱ्याच दिवशी त्या सद्गृहस्थांनी पात्यांची आणि मागून टॉर्च धरून काढलेली अशी दोन नवी छायाचित्रे पाठवली. काच निर्मळ होती.

किमतीचे म्हणाल, तर विकल्या गेलेल्या वस्तूंचे भाव ईबेवर पाहता येतात. ते पाहून मी कमाल बोली १४० डॉलर ठेवली. ईबे आपल्या वतीने बोली गरजेपुरतीच वाढवत असल्यामुळे लेन्स ११२.५० डॉलरला मिळाली. शेवटच्या काही सेकंदांत कोणी पुढे गेले, तर हळहळ वाटते, हे खरे. पण कमाल आकडा आधीच शांतपणे ठरवला असेल, तर ती फार काळ टिकत नाही.

‘तपासलेली नाही’ असे लिहिलेल्या वस्तूंपासून मी दूर राहतो. वर्णनाशी न जुळणारी वस्तू आल्यास ईबेची ३० दिवसांची हमी आहे. मला ती अद्याप वापरावी लागलेली नाही. त्यानंतर लिलावातून आणखी तीन लेन्स घेतल्या आणि प्रत्येक वेळी टॉर्चचे छायाचित्र मागितले. एकाही विक्रेत्याने ते नाकारले नाही. आपली निवड यांत्रिक बॉडी आणि हाताने फोकस करण्याच्या लेन्सपुरती असेल, तर मी लिलावच सुचवीन. सध्या ३५ मि.मी. लेन्सचा शोधही मी तिथेच घेत आहे.