भारतीय सांकेतिक भाषा शिकताना: सात-आठ महिन्यांनंतरचा अनुभव

आधी मत सांगून टाकतो. स्वतःचे हात हलवायला पहिल्या काही आठवड्यांतच जमतं, समोरच्याचे हात वाचायला मात्र महिने जातात. त्यामुळे कोर्स किंवा अ‍ॅप निवडताना एवढंच विचारा, की वाचायचा सराव किती मिळणार?

माझं नाशिकला मेडिकल आहे. नेहमीच्या गिऱ्हाइकांत काही कर्णबधिर आहेत. कागदावर लिहून काम भागायचं, पण लिहिलेलं मराठी प्रत्येकाला सोयीचं नसतं आणि डोसच्या बाबतीत ‘समजलं असेल’ म्हणून सोडून देता येत नाही. म्हणून शिकायला घेतली.

प्ले स्टोअरवर शोधताना जरा जपून. ‘साइन लँग्वेज’ टाकलं की भराभर येतं ते बहुतेक अमेरिकन सांकेतिक भाषेचं. तिथली मुळाक्षरं एका हाताने काढतात, आपल्याकडे इंग्रजी अक्षरं दोन हातांनी काढायची पद्धत आहे, ब्रिटिश वळणाची. ए, ई, आय, ओ, यू हे स्वर म्हणजे डाव्या हाताच्या अंगठ्यापासून करंगळीपर्यंतची पाच टोकं, उजव्या तर्जनीने एकेक टोक दाखवायचं. हे एका बैठकीत पाठ होतं. घोळ होतो तो तळहातावरच्या अक्षरांत: दोन बोटं जुळवून ठेवली तर एन, फाकवून ठेवली तर व्ही. औषधांची नावं अक्षरांनीच सांगावी लागतात, त्यामुळे माझ्यासारख्याला यातून सुटका नाही.

शब्दांसाठी मी दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्राचा कोश वापरतो. २०१८ साली तो ३,००० शब्दांनी सुरू झाला, २०२१ च्या तिसऱ्या आवृत्तीत १०,००० झाले. ‘साइन लर्न’ हे त्यांचं अ‍ॅप २०२२ चं, फुकट. शब्द हिंदी किंवा इंग्रजीतून शोधायचा. वैद्यकीय शब्दांचा वेगळा विभाग आहे, तो मला सगळ्यात जास्त उपयोगी पडला. पण कोश तो कोशच. सुटे शब्द पाठ करून बोलता येत नाही, समोरच्याचं तर अजिबात कळत नाही.

फरक पडला तो एका कर्णबधिर सरांच्या ऑनलाइन वर्गाने. माइक पहिल्या दिवसापासून बंद. सर बोलत नाहीत आणि आपणही बोलायचं नाही. सुरुवातीला अक्षरशः घाम फुटतो, पण त्यामुळेच नजर तयार होते. ऐकू येणाऱ्या शिक्षकाकडे शिकणारा माझा एक मित्र माझ्याहून जास्त शब्द जाणतो, पण कर्णबधिर माणूस नेहमीच्या वेगाने सांगायला लागला की तो गडबडतो. वर्गाला बसताना खिडकी पाठीमागे नको, हात काळे दिसतात. शर्टही साधा, एकरंगी घाला.

व्याकरण आपल्याला जड जात नाही. वेळ आधी, क्रियापद शेवटाकडे, नकार आणि प्रश्नाचा शब्द शेवटी. ‘रात्री जेवणानंतर गोळी घ्यायची’ हे जवळपास त्याच क्रमाने हातात उतरतं. इंग्रजीतून विचार करणाऱ्याला इथे जास्त मेहनत पडत असावी. अवघड आहे तो चेहरा. ‘ताप आहे’ आणि ‘ताप आहे का?’ यात हात तेच राहतात, फक्त भुवया वर जातात. आम्ही काउंटरवर वर्षानुवर्षं मख्ख चेहऱ्याने उभी राहणारी माणसं, त्यात मास्क. मास्क काढल्याशिवाय ही भाषा अर्धीच पोचते.

वर्गात शिकलेली खूण गिऱ्हाईक करेलच असंही नाही. शहरागणिक, शाळेगणिक शब्द बदलतात. मदन वसिष्ठ आणि अमेरिकन भाषातज्ज्ञांनी १९७० च्या दशकात दिल्ली, मुंबई, कलकत्ता, बंगळूर इथल्या खुणा नोंदवल्या, तेव्हाही व्याकरण बरंचसं एक आणि शब्दांत फरक असंच दिसलं होतं. वेगळी खूण दिसली की मी तीच पुन्हा करून दाखवतो, पुढच्या वेळी तीच वापरतो. लोक आनंदाने शिकवतात, शिवाय हसतातही.

वाचनाच्या सरावाला आणखी एक सोय म्हणजे पीएम ई-विद्या या सरकारी शैक्षणिक टीव्ही उपक्रमाचं ३१ क्रमांकाचं चॅनेल. डिसेंबर २०२४ पासून ते या भाषेसाठीच आहे. आवाज बंद करून बघा, नाहीतर कान कॉपी पुरवतात.

आज मी डोस, पथ्य, पैसे, ‘डॉक्टरांना विचारून या’ एवढं नीट सांगतो. दोन कर्णबधिर माणसं आपसात बोलायला लागली की तिसऱ्या वाक्यापासून मी बाहेर. दुभाषी व्हायचं असेल तर दोन वर्षांचा डिप्लोमा आहे, त्याच्याशी या शिक्षणाची तुलनाच नको. दुकान, बँक, दवाखाना, शाळा अशा ठिकाणी रोज माणसं भेटत असतील तर जरूर शिका. भेटणारं कोणी नसेल तर आधी जवळच्या कर्णबधिर संघटनेत जाऊन ओळखी करा, नाहीतर शिकलेलं महिन्याभरात पुसलं जाईल.

दुकानातला आमचा पोरगाही आता माझ्याकडून शिकतोय. त्याने सगळ्यात आधी उचललं ते ‘सुट्टे द्या’.